सिस्टरची शेवटची आंघोळ

वेल्ह्याच्या बाजारामागच्या आळीत जैबून मुलाणी राहते. गोधड्या शिवून पोट भरते. पण भोरपर्यंतची मुसलमान घरं तिला ओळखतात ती दुसऱ्याच कामामुळं. बाई वारली की मयताला आंघोळ घालायला, म्हणजे गुस्लला, तिला बोलावणं येतं.

तिच्या भिंतीला भिंत लागून सुवार्ता भिंगारदिवे राहायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती. सरकारी नर्स म्हणून आल्या आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. जैबूनची तिन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. दुपारी जैबून टाके घालत बसली की दोघींचं बोलणं देवावर यायचं. येशूची आई मरियम, तिथपर्यंत दोघींचं जमायचं. पुढं सिस्टरनी येशू क्रुसावर मेला म्हटलं की जैबून मान हलवायची.

"आमच्यात तसं न्हाई. अल्लानं त्यांना वर उचलून घेतलं."

"मग माझ्या विश्वासाचं काय गं?"

"ते तुमी बघा. च्या घेता का?"

वाद तिथं थांबायचा, मिटायचा मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरच्या स्तनातली गाठ फुटली. स्वतः नर्स असून त्यांनी ती वर्षभर लपवली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जखमेचा वास दारापर्यंत येऊ लागला, तशी माणसं रस्त्यावरूनच चौकशी करू लागली. जैबून रोज जखम धुवायची.

एकदा सिस्टर म्हणाल्या, "मी गेल्यावर आंघोळ तूच घाल. पण तो तुमचा अल्लाचा कलमा म्हणू नकोस."

"न्हाई म्हणणार."

"मनातसुद्धा?"

जैबूननं जखमेवर नवी पट्टी बांधली. मग म्हणाली, "मनातबी न्हाई."

सिस्टर गेल्या त्या सकाळी पुण्याहून त्यांचा भाचा शांतवन आला. सोबत चर्चमधल्या चार बायका होत्या. "आमच्या माणसाचं आमचीच माणसं करतील," तो जैबूनला म्हणाला. ती ओट्यावर जाऊन बसली. बायका आत गेल्या, पट्टी सोडली आणि तोंडाला पदर लावून एकेक बाहेर आल्या. शेवटी शांतवन जैबूनसमोर येऊन उभा राहिला.

"पाणी तापवाय ठेवा," ती म्हणाली.

आयुष्यभराच्या सवयीनं जिभेवर कलम्याचे शब्द येत होते. ओठ दाताखाली धरून तिनं आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. सिस्टरना पुरायला पुण्याला नेलं. गाडीत जागा नाही, असं शांतवन खाली बघत म्हणाला. जैबूननं ती कबर अजून पाहिलेली नाही.

पुढच्याच महिन्यात किकवीत एक म्हातारी वारली. गुस्लला दुसरी बाई आणली. "परक्या मयताला हात लावलेली नको," असं तिथले बुजुर्ग रसूलभाई बोलल्याचं जैबूनच्या कानावर आलं. त्यानंतरच्या मयतालाही बोलावणं आलं नाही. ती नुसती गोधड्या शिवत राहिली.

मग भाटघर धरणात एका मुसलमान सासुरवाशिणीचं प्रेत सापडलं. तीन दिवस पाण्यात होतं. हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा रसूलभाई स्वतः जैबूनच्या दारात आले. आत तिच्या मुलानं "अम्मी, जाऊ नको" म्हटलं.

"पोरीचं नाव काय?" तिनं विचारलं.

रसूलभाईंना ते ठाऊक नव्हतं. जैबूननं चप्पल घातली आणि त्यांच्या पुढं चालू लागली.