कुमान्जाई

सरकारनं घरातून नेलेल्या मुलांत जवळजवळ सगळी आमची काळी, आदिवासीच का, यावर संशोधन करायला सिडनीहून एक बाई आली होती. मी तिची दुभाषी. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या आमच्या वस्तीत ती घरोघर फिरली. लोर्नानं तिला चहा दिला, पाव दिला, पण तोंड काही उघडलं नाही. म्हणून मीच सांगते.

लोर्ना माझ्या आईची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या रीतीनं माझी आईच. तोंडाची फटकळ. झाडाखालची माती बघून पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या कुठे सापडतील ते ओळखायची आणि खणताना नुसतं बघत उभं राहणाऱ्याला म्हणायची, "देखरेखीचा पगार मिळतो वाटतं तुला?" तिची लेक बाळंतपणात गेली. तान्ही पोर लोर्नानंच वाढवली, तिला माझ्या आईचं नाव ठेवलं. पोर तिला जाजा म्हणे, म्हणजे आजी. खणताना पहिली मुंगी पोरीच्या जिभेवर जायची, मग लोर्ना स्वतः खायची.

पोर तीन वर्षांची असताना माझी आई वारली. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, वर्षानुवर्षं घेत नाहीत. त्याच नावाचं कुणी जिवंत असेल तर त्याचंही नाव मिटतं. त्याला कुमान्जाई म्हणायचं. गेलेल्याचं घरही सोडायचं. आम्ही सगळे बाहेर शेकोटीभोवती ब्लँकेटं टाकून निजत होतो. गोऱ्यांची पोरं उघड्यावर निजली की ती सहल, आमची निजली की हेळसांड. कुणीतरी कळवलं असणार. बालकल्याणवाली अधिकारी गाडी घेऊन आली.

"पोरीचं नाव काय?" तिनं लोर्नाला विचारलं.

लोर्ना खाली बघत राहिली. दुखवटा आहे, नाव घेता येत नाही, असं मी समजावलं.

"मग तुम्ही सांगा."

गेलेली माझी जन्मदाती होती. माझ्या तोंडून कसं निघावं? शेवटी बाई पोरीपुढे वाकली. पोर गुणाची. शिकवलं होतं तसंच म्हणाली, "कुमान्जाई."

बाई उठली. "आमच्या कागदांवर हे नाव नाही. आजीला नातीचं नाव येत नाही, पोरीला स्वतःचं येत नाही, आणि म्हणे आम्ही सांभाळतो."

पोरीला तिनं गाडीत बसवलं. लोर्ना मागे धावली, पण हाक मारायला तिच्या तोंडात नावच नव्हतं. मला त्या बाईचा आजही संताप येतो. आमच्या रीतीचा येतो का, असं सिडनीवालीनं विचारलं. नाही येत.

पोर अ‍ॅडलेडला एका गोऱ्या घरात दिली. लोर्नानं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तिसऱ्या वर्षी दुखवटा उठला, थोरांनी नाव मोकळं केलं. तेव्हापासून ती ते घोकायचीच. चहा ढवळताना, सरपण मोडताना, उगाच बसल्याबसल्या. मी चिडवायचे, "अगं, झिजेल ते."

"झिजू दे," ती म्हणायची. "भेटेपर्यंत पुरलं की झालं."

पोर सात वर्षांची झाल्यावर एकदाची भेट मिळाली, अ‍ॅडलेडच्या कचेरीत, एका बाईच्या नजरेखाली. मी सोबत गेले. लोर्नानं डब्यात मधमुंग्या घेतल्या होत्या. पोर टेबलाशी चित्र रंगवत होती. अंगानं उंच झालेली, कपाळ थेट माझ्या आईचं. मला रडूच आलं.

"लिओनी," लोर्नानं हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "लिओनी."

पोरीनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं शेजारी बसलेल्या कचेरीतल्या बाईला हळूच विचारलं, "ही कुणाला बोलावते?" त्या घरात तिला ग्रेस म्हणत होते.

पोर बिचकून बाईच्या खुर्चीकडे सरकली. ते पाहून लोर्नानं डब्यावरचा हात काढून घेतला.

"माझ्या बहिणीला गं," ती म्हणाली. "तू रंगव."