किनवटला थांबणारी गाडी

माझ्या थोरल्या साडूंच्या मते जगातली कोणतीही अडचण मुळात ढिल्या जोडाची असते. पंखा कुरकुरू दे, जावई रुसू दे, ते आधी जोड तपासतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढून ते नांदेडला स्थायिक झाले आणि मागच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवुडवर त्यांनी स्वतःची खेळण्यातली रेल्वे टाकली. तिच्यावर एका टोकाला नांदेड, दुसऱ्या टोकाला किनवट. किनवटचं जंगल भांड्यांच्या हिरव्या घासणीचं. गाडी चहाच्या वेळी सुटायची; चहा मागे राहिला, तर माझ्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, लेखी शेरा मिळायचा.

दसऱ्यानंतर ही गाडी किनवटला बंद पडू लागली. इंजिन ऐटीत यायचं, दिवा फडफडायचा, संपलं. बोटाने ढकललं की पुढे धावायचं. मी लातूरहून गेलो तो शनिवार होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना सोमवारी त्याच खोलीत आणायचं होतं, म्हणजे रविवारी रेल्वे उचलायची. त्याआधी ताईंना एक अख्खी फेरी न अडखळता दाखवायची, एवढाच साडूंचा हट्ट होता. चौतीसपैकी एकोणतीस दसऱ्यांना ते घरी नव्हते, ड्यूटीवर होते. आकडा ताईंचा आहे, मी पडताळलेला नाही.

"साडूभाऊ, मीटर धरा," ते मला म्हणाले.

ट्रान्सफॉर्मरला बारा व्होल्ट. नांदेडला बारा. किनवटलाही बारा.

"करंट हाय अन् गाडी न्हाई! असं कसं?" त्यांनी एकोणीसच्या एकोणीस जोड काढले, घासले, बसवले. गाडी किनवटलाच थांबली.

ताई दारात आल्या. "अहो, आई काय तुमच्या रुळावर झोपणार हाय का? आवरा आता."

"फॉल्ट सापडल्याशिवाय लाइन सोडता येत न्हाई."

"हाव! नोकरी सुटली, लाइन न्हाई सुटली," म्हणत त्या आत गेल्या.

रविवारी दुपारी मी सहज किनवटच्या रुळावरून बोट फिरवलं. ते लाल आणि तेलकट झालं. दसऱ्याच्या पूजेत ताईंनी इंजिन उभं होतं तिथे रुळांनाही तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं. मीटरच्या वायरीची टोकदार सुई तो थर भेदून धातूला टेकत होती. चाकं वरच्या वर राहत होती.

साडूंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे. खिशातल्या रुमालाने रूळ पुसले, चाकं पुसली.

"सापडला का हो?" आतून आवाज आला.

"सापडला. जोड ढिला होता."

साडेपाचला ताई खुर्ची घेऊन बसल्या. एका फेरीला एकतीस सेकंद. सात फेऱ्या झाल्यावर साडूंनी प्लगकडे हात नेला, तर ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की अजून एक." आठवीनंतर ताईंनी स्वतःच प्लग काढला. रूळ खोक्यात गेले. इंजिन ताईंनी मागून घेतलं आणि देवघरात ठेवलं.

सासूबाई बऱ्या होऊन चार महिन्यांनी लातूरला परतल्या. खोली तेव्हापासून रिकामी आहे, प्लायवुड भिंतीला टेकून उभं आहे. इंजिनाला मात्र रोज सकाळी कुंकू लागतं, आणि ते परत मागणं साडूंना अजून जमलेलं नाही.