मागाच्या चालीवरचं भजन

माझे सासरे आयुष्यभर गिरणीत मागावर होते. तुटका धागा दिसेनासा झाला तेव्हा गिरणीनं त्यांना घरी बसवलं, आणि ते खरोखरच बसले. सकाळी भोंगा झाला की उठायचे, अंघोळ करून पटका बांधायचे आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. आम्ही त्यांच्या पाठीशी बोलत असू. पाठ 'हं' म्हणायची. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची.

सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला, शेवटी शिव्याही देऊन पाहिल्या. मला तर भीती वाटायची, हा माणूस असाच बसल्या बसल्या संपून जाईल.

शेजारचे वाणी मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन म्हणायचे. त्यांचा टाळकरी मंद्रूपला लेकीकडे गेला, तसे ते आमच्या दारात आले.

"चला की. नुसता टाळ वाजवायचा हाय."

"मला कुटं येतंय?" मामंजी भिंतीकडे बघूनच म्हणाले.

"त्यात काय यायचंय? दोन हात हायत न्हवं?"

मामंजी गेले. पहिला अभंग ठीक झाला. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले आणि हात मागाच्या चालीवर गेले, खटखट खटखट. टाळ-मृदंगाच्या आवाजात गाणं त्यांना कुठलं ऐकू यायला. मागांच्या खडखडाटानं कान कधीच निम्मे बसले होते. मृदंगवाला मागून धावला, वाण्यांना श्वास घ्यायला जागा सापडेना. आरतीसुद्धा उरकली, तरी प्रसादाचा शिरा अजून चुलीवरच होता. घरी येऊन मामंजींनी शेंगाच्या चटणीशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. "आज काम झालं," म्हणाले.

पुढच्या शनिवारी बोलवायला कुणी आलं नाही. पटका बांधून ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले, मग पुन्हा भिंतीकडे वळले. सासूबाई हाताचं पीठ न धुता तडक वाण्यांच्या दुकानात गेल्या. मागोमाग मी.

"भजन मोडलं तर दुसरं म्हना," त्या वाण्यांना म्हणाल्या. "माझा मानूस मोडला तर मी कुठनं आनू?"

वाणी खाली बघत गूळ फोडत राहिले. "वैनी, ह्या वयात मला एवढं पळवत न्हाय," ते म्हणाले. मग गूळ बाजूला सारून, "शेवटच्या गजराला येऊ द्या. गजर पळायचाच असतोय."

तेव्हापासून मामंजी सगळं भजनभर टाळ मांडीवर घेऊन चुळबुळ करत बसायचे आणि गजर आला की सुटायचे. गिरणीनं घरी बसवलेले पलीकडच्या गल्लीतले म्हातारेही काठ्या टेकत तेवढ्यासाठी येऊ लागले. सगळ्यांच्या माना मागाच्याच चालीवर हलायच्या.

तरी ते पुन्हा भिंतीकडे वळणार नाहीत याचा सासूबाईंना भरवसा नव्हता. एके दिवशी त्या ज्वारीचं पोतं ओढत मामंजींच्या बसायच्या कोपऱ्याकडे निघाल्या. एकटीला हलेना, तेव्हा दुसरं टोक मामंजींनीच धरलं.

"हितं कशाला ठेवतीस?" त्यांनी विचारलं.

"जागा रिकामी हाय म्हनून," सासूबाई म्हणाल्या.