साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत

मंडळी, आज दुपारी धुळ्याच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये माझ्या सीनियरांच्या, म्हणजे नानांच्या फोटोचं अनावरण झालं. जो तो मला म्हणत होता, "ताई, भाग्य तुमचं! नानांच्या हाताखाली शिकलात."

शिकले? सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कापसाच्या व्यापाऱ्यांची सगळी कामं नानांकडे. केस मी वाचायची, मुद्दे मी काढायचे, आणि कोर्टात मला एकच वाक्य बोलायची मुभा: "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी."

एकदा नाना चाळीसगावला अडकले. जजसाहेब म्हणाले, "बाई, तुमची तयारी दिसतेय. तुम्हीच चालवा." मी उभी राहिले. केस तोंडपाठ होती. तेवढ्यात आमच्या पक्षकार शेठजींनी मागून माझा कोट ओढला. "ताई, तुम्ही नको. तारीख घ्या."

घेतली तारीख. संध्याकाळी नाना खूश. म्हणाले, "शहाणी आहेस. चांगली तयार होतेयस."

आज माझ्या हातात माईक दिला. "नानांनी काय शिकवलं, सांगा ना ताई."

मी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." आणि खाली बसले.

काय हसले सगळे! टाळ्यासुद्धा वाजवल्या. म्हणे, ताई अजून किती मिश्कील आहेत.

मी घरी आलेय, पण डोकं अजून तडकलेलंच आहे. खरं सांगा, तुमच्या साहेबांनी तुम्हाला कोणतं वाक्य शिकवलं?