वालबुर्गाबाईंचा पेला
जर्मनीत आमच्या नेकार नदीकाठी दाराला केरसुणी टांगली, की समजायचं, द्राक्षमळेवाल्यानं घरची वाइन विकायला काढलीय. ओटमार श्टीर्लेच्या दारी मात्र लोक यायचे ते त्याच्या बायकोसाठी. वालबुर्गाबाई सांगतील ते खायचं, सांगतील ती बाटली उघडायची. मी तिथं बावीस वर्षं ताटं वाढली.

लेम्बर्गर ही आमची लाल वाइन, गोडवा नसलेली, जराशी तुरट. तिच्याबरोबर भाजलेलं गोमांस आणि वर कुरकुरीत कांदा. त्या सालची हलकी निघाली तर मसूर, शेवया आणि सॉसेज. कुणी या हलक्या वाइनबरोबर हरणाचं मांस मागवलं, की बाई तोंडावर म्हणायच्या, "अहो, दबून जाईल ती बिचारी! हरणाला पिंपात मुरलेली घ्या." गोड वाइन मागणाऱ्याला त्या सरळ औषधाच्या दुकानाचा पत्ता सांगत.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला दुपारी सगळा गाव अंगणात जमला. ओटमारनं लग्नाच्या सालची शेवटची बाटली उघडली आणि पेला बायकोच्या हातात दिला.

"आज सगळ्यांसमोर, एका दमात! आणि सांग, कशी झालीय."

एरवी बाई पेला नाकाशी नेत, दोन शब्द बोलत आणि पेल्यासकट स्वयंपाकघरात जात. आज भोवती सगळे टाळ्या वाजवत उभे. त्यांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"छान मुरलीय. पण मी पिणार नाही, ओटमार. आजवर कधी प्यायलेच नाही."

लोक खो खो हसले. बाई हसल्या नाहीत, तसं एकेकाचं हसू विरलं.

"काहीतरीच काय! चव्वेचाळीस वर्षं बघतोय मी तुला."

"पेला आत नेऊन रश्श्यात ओतायचे."

ते पेले मीच धूत होते, आणि मला कधी शंकासुद्धा आली नव्हती!

"मी सोळाची होते," बाई म्हणाल्या. "आमचा थोरला भाऊ गेओर्ग द्राक्षांचा रस कितपत आंबलाय बघायला तळघरात उतरला. खाली त्याचा जीवघेणा वायू साठला होता. तो वर आलाच नाही. तेव्हापासून घोट गिळवत नाही मला."

"गेओर्ग कसा गेला ते ठाऊक आहे मला. पण हे का नाही सांगितलंस?"

"लग्नाच्या दिवशी तुझ्या आईनं विचारलं, आमची वाइन आवडली ना? मी हो म्हणून बसले. मग मागे फिरता येईना."

ओटमार पांढराफटक पडला. "म्हणजे दरवर्षी चांगली झालीय म्हणायचीस, ते सगळं खोटं?"

"खोटं कसं? नाक आहे ना मला! आणि ताटं बघायचे. कुणी काय टाकलं, कुणी पेला पुन्हा भरून घेतला."

ओटमार मळ्याकडे चालू लागला. केक तसाच राहिला. पाहुणे एकमेकांकडे न बघता पांगले.

आठ दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. नवव्या दिवशी सकाळी ओटमार दोन पेले घेऊन स्वयंपाकघरात आला.

"हुंग. हरणाला कुठली?"

बाईंनी दोन्ही हुंगले आणि डाव्याकडे बोट केलं. त्यानं दोन्हींतला एकेक घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"डावीच," तो पुटपुटला. बायकोकडे असा बघत राहिला, की जणू आजच ओळख झाली. मग खुर्ची ओढून बसला. "गेओर्ग गेला त्या दिवसाचं सगळं सांग मला. नीट."

बाई सांगू लागल्या. मी कांदे तसेच टाकले, हात पुसले आणि दार लोटून बाहेर आले.