फाट्याच्या पुढे

माझी नणंद मनकर्णा एस.टी.तून निवृत्त झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता ती बसेल. आमच्याकडे पुरुष निवृत्त झाला की फिरतो, मंडळं काढतो, चौकात उभा राहून गावाला शहाणपण शिकवतो. बाई निवृत्त झाली की बसते, आणि बसल्या बसल्या नातवंडं सांभाळते. ताई महिनाभर खरंच बसली. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली की तिला गाडी घ्यायची आहे, आणि ती तिची तीच चालवणार आहे.

वीसेक वर्षं ती अमरावती-धारणी गाडीवर कंडक्टर होती. परतवाडा सोडून घाट चढला की एका वळणावर फाटा लागतो. तिथे पाटी नाही, शेड नाही, सागाखाली एक मोठा धोंडा तेवढा आहे. बाजाराच्या दिवशी तिथे कोरकू बाया उतरायच्या, टोपल्या डोक्यावर घेऊन कच्च्या रस्त्याने आत चालू लागायच्या. ताई एक घंटी देऊन गाडी थांबवायची आणि दोन देऊन सोडायची. त्या फाट्याच्या पुढे काय आहे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्या बायांतली माणिकबाई तिची मैत्रीण झाली. परतवाड्याला सीताफळं आणि चारोळी विकणारी ही बाई उतरताना दर वेळी दोनच प्रश्न विचारायची. घरी कधी येतेस, आणि परतीची गाडी कधी. दुसऱ्याचं उत्तर ताईला तोंडपाठ असायचं. पहिल्याचं तिच्याकडे नव्हतं, कारण ती तिथे उतरली असती तर गाडीला घंटी कोणी दिली असती? ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ताईने 'फाटा' म्हटलं की मी भाजी निवडायला घ्यायचे. तिच्या मनाला ती एवढी लागून राहिली आहे, हे मला गाडीचा विषय निघाला तेव्हाच कळलं.

तिचा मुलगा अनुप बँकेत आहे. त्याने आईसाठी एक पांढरी गाडी पसंत केली. गिअर नाही, मागचं दिसायला कॅमेरा आहे, छताला काच आहे. तो अर्धा तास त्या काचेबद्दल बोलला. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की फाट्याच्या रस्त्यावर ती चालेल का. अनुप म्हणाला की तिथे जायचं कशाला, ही बाजारात न्यायला आहे, देवदर्शनाला आहे. आम्ही बौद्ध, देवदर्शन कुठलं काढलं याने, ते मला विचारू नका. बँकेतल्या जाहिरातीत तसं लिहिलेलं असावं.

ताईने दुसरीकडे चौकशी सुरू केली. राजापेठेत ट्यूशन क्लासेसच्या गर्दीत शुभम नावाच्या पोराचं तंबू आणि दोऱ्यांचं दुकान आहे. रविवारी तो आणि त्याचे मित्र जीपा घेऊन डोंगरात जातात. ताई त्याच्या दुकानात जाऊन बसू लागली. पोरगं गुणी होतं. गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं, चारही चाकांना जोर देणारी दुसरी दांडी हवी, टायर खडकाला धरून बसणारं हवं, हे सगळं त्याने तिला समजावलं आणि तिने मन लावून शिकून घेतलं. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो विचारायचा, "काकू, चालवणार कोण?" ती म्हणायची, मी. तो हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा.

शेवटी अकोल्याच्या पंजाबराव नावाच्या गृहस्थांकडे एक जुनी जीप विकायला असल्याचं कळलं. पाहायला आम्ही तिघं गेलो. ताई, मी आणि अब्दुल रहीम. रहीमभाई म्हणजे ताईच्या गाडीचे ड्रायव्हर, तिच्या थोडे दिवस आधी निवृत्त झालेले. बडनेऱ्याकडच्या मोकळ्या मैदानात ताईला गाडी शिकवत होते तेच. आधी मी चालवून पाहतो, म्हणून रहीमभाई स्टिअरिंगच्या चाकामागे बसले, ताई शेजारी, मी मागे. इंजिन सुरू झालं, पण गाडी काही हलेना. ताईला वाटलं, ते इंजिनाचा आवाज ऐकताहेत. पंजाबरावांना वाटलं, गाडीत काही खोट निघाली, त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ झाल्यावर ताईने विचारलं, "रहीमभाय, काहून थांबले?"

"बाई, घंटी कुठं देल्ली तुमी?"

एवढी वर्षं दोन घंट्या मिळाल्याशिवाय हा माणूस जागचा हलला नव्हता. त्याचा पाय आता ऐकत नव्हता. ताईने दारावर दोनदा टकटक केलं आणि जीप निघाली. पंजाबराव आमच्याकडे बघत राहिले. येताना चाक ताईकडे होतं. सीट इतकी उंच होती की रस्ता पार पुढच्या चाकांपासून दिसत होता, आणि तिथेच तिने ती जीप घ्यायची ठरवली.

सामानाच्या बाबतीत मात्र तिने माझं डोकं फिरवलं. शुभमने गाडीच्या छतावर उघडणारा तंबू दाखवला. ती म्हणाली की मी जन्मभर टपावर सामान चढवलं, माणसं नाही. जमिनीवरचा साधा दोघींचा तंबू घेतला, तो बरा होता. डोक्याला बांधायचा दिवा तिने नको नको म्हणत घेतला आणि घरभर घालून फिरली. गाडी ओढायची दोरी शुभमच्या सांगण्यावरून घेतली. पण हवा भरायच्या गादीवर गाडं अडलं. मी हवेवर झोपणार नाही, म्हणाली, आणि घरची नवारीची घडीची खाट जीपमध्ये घातली. ती कुठेच मावेना, म्हणून माझ्या मांडीवर आली.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. पुढे शुभमची जीप, तिच्यात अनुप, कारण त्याला आईच्या गाडीत बसायची भीती वाटत होती आणि घरी थांबायची त्याहून जास्त. मागे आम्ही. ताईने जुना खाकी कुर्ता-सलवार घातला होता, बिल्ला काढून. रहीमभाई डाव्या सीटवर. फाट्याच्या धोंड्यापाशी ताईने गाडी आत वळवली. तिचे हात चाकावर घट्ट होते.

दोनेक डोंगर ओलांडल्यावर नाला आला. पाणी गुडघाभर, खाली गोटे, समोरचा काठ चढाचा आणि ओला. शुभमने काठीने खोली पाहिली, आपली जीप पार नेली, आणि पाण्यातून चालत परत आला. अनुपही त्याच्या मागे, पँट वर करून. शुभम डाव्या बाजूला आला आणि रहीमभाईंना म्हणाला, "काका, इथून तुमी घ्या. नाल्यापुरतं फक्त."

"आई, हट्ट नको करू," अनुप म्हणाला. "उतर."

मला सांगायला लाज नाही, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नाला अवघड होता, पोरं काळजीनेच बोलत होती, सगळं कबूल. पण गाडी तिची, किल्ली तिची, ब्रेकवर पाय तिचा, आणि विचारायचं कोणाला, तर शेजारी बसलेल्या पुरुषाला. तिला आधी विचारून ती नाही म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. बोलायला मी तोंड उघडलं, पण खाटेचा पाय हनुवटीत बसला होता.

रहीमभाईंचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो मी पाहिला आणि ताईनेही पाहिला. त्यांनी उतरायचं ठरवलं असतं तर ती काय करणार होती? त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी नाही म्हटल्यावर आम्ही कोणीच तिला त्या चाकावर राहू दिलं नसतं, आणि परतीच्या रस्त्यावर ती पुन्हा शेजारच्या सीटवर बसली असती, कायमची.

तिने गाडी बंद केली नाही. समोर बघतच म्हणाली, "रहीमभाय, घाटात, पावसात, दरीच्या काठावर तुमी माह्या घंटीवर गाडी काढली. कधी म्हनले नाही का बाईले काय समजते. आता चाक माह्याकडं हाये. घंटी तुमी द्या."

रहीमभाईंनी कडीवरचा हात काढला आणि बोटातल्या अंगठीने डॅशबोर्डवर वाजवलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

ताईने दुसरी दांडी टाकली आणि जीप पाण्यात घातली. मध्यावर एका गोट्यावर चाक चढून गाडी वाकडी झाली, इंजिन बंद पडलं, आणि पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं. काठावरून अनुप काहीतरी ओरडत होता. ताईने पुन्हा किल्ली फिरवली. शुभमने शिकवलं होतं तसं तिने जास्त रेटलं नाही, गाडीला तिच्या चालीने जाऊ दिलं. चढावर मागची चाकं घसरली, परत धरली, आणि आम्ही वर आलो. खाटेमुळे मला यातलं निम्मंच दिसलं, बाकीचं रहीमभाईंनी पुटपुटलेल्या दुवांवरून कळत होतं. मागून शुभम भिजत आला आणि ताईच्या बाजूला येऊन म्हणाला, "काकू, पुढं अजून एक नाला हाये. तो तुमी आधी काढता का?" यावेळी त्याने तिलाच विचारलं होतं.

माणिकबाईचं घर गावाच्या शेवटाला आहे. अंगणात चार खाटा टाकलेल्या होत्या, ते पाहून मी ताईकडे जे पाहिलं ते तिने पाहिलं नाही असं दाखवलं. माणिकबाई बाहेर आली. केस पांढरे झाले होते. आधी तिने खाकी ओळखली, मग तोंड, आणि मग ताईचे दोन्ही हात धरले. ताई रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं आहे. मग माणिकबाईने जीपमध्ये वाकून रहीमभाईंना ओळखलं.

"रहीम डायवरनं आनलं का तुले?"

"नाही बाई," रहीमभाई उतरता उतरता म्हणाले. "आज मी कंडक्टर."

माणिकबाईला ते कळायला वेळ लागला. ती गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली, रिकाम्या सीटकडे पाहिलं, चाकावरून हात फिरवला. मग सवयीने तिच्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला, परतीची गाडी कधी. अनुपने लगेच सांगितलं की उद्या सकाळी लवकर निघावं लागेल, त्याला बँक आहे.

ताईने किल्ली काढली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली.

"तू शुभमसंगं जाय," ती त्याला म्हणाली, आणि माणिकबाईकडे वळली. "परतीची गाडी मी म्हनीन तवा."