पट्टीमावशीची चूक

पूल अर्धा ओलांडला आणि मावशी कठड्याला टेकली. दवाखान्यातून दोघी चालतच निघाल्या होत्या. भाचीने गाडी करू का विचारलं, तर मावशी मानेनेच नको म्हणाली. तिच्या नडगीवरची जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नव्हती. मनाई केली होती ती रोज जखमेवर ओतत असलेल्या पेरॉक्साइडला. जखम बरी व्हायला बघतेय, तुम्हीच तिला होऊ देत नाही, असं ते म्हणाले होते.

पस्तीस वर्षं मावशीने त्याच दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काढली. सगळे तिला पट्टीमावशी म्हणत. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिने कुणाची पट्टी सोडली नाही. आयोडीन लावलं की सुकेपर्यंत हात लावू द्यायची नाही; आधीच पुसलंत तर जंतू राहतील आणि नुसता डाग पदरात पडेल, म्हणून दटावायची. आयोडीन म्हणजे थोरली जाऊ, डाग लावते पण घर राखते, हे ऐकून रडणारेही हसत.

पेरॉक्साइडवर मात्र तिची श्रद्धाच होती. पाण्यासारखं औषध जखमेवर पडलं की पांढराशुभ्र फेस उसळायचा. घाण वर आली, म्हणायची. फेस थांबेपर्यंत ओतायचं आणि रोज ओतायचं, हा तिचा नेम.

भाची नर्सिंग शिकलेली. तिने हळुवारपणे सांगितलं, की तो फेस घाणीचा नसतो. आपल्या रक्तातच असं काही असतं, की ते लागताच त्या औषधाचं पाणी होतं आणि प्राणवायू बुडबुड्यांनी सुटतो. स्वच्छ रक्तावरही फेस येतो. रोज ओतलं तर जंतूंबरोबर नवं, कोवळं मांसही जळतं.

 मावशीने पट्टीला येणाऱ्या एका पहारेकऱ्याची गोष्ट काढली. त्याची टाच सहा महिने भरली नव्हती. "पथ्य पाळत नाहीस म्हणून मी त्यालाच बोल लावला गं."

तेव्हा सगळीकडे तसंच करत, असं भाची म्हणाली.

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. माझ्या हातांचा जाब देव मलाच विचारणार."

खरी टोचणी पुढेच होती. तिने शिकवलेल्या दोघी आजही त्या खोलीत फेस थांबेपर्यंत ओतत होत्या. डॉक्टरांनी टोकलं तर म्हणत, मावशींनी असंच शिकवलंय. मघाशी दारातून तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिची जीभ उचलली नव्हती.

"तू दवाखान्यात परत जा," ती म्हणाली. "मी थांबते इथे. ते रक्ताचं, बुडबुड्यांचं मला नीट सांगता यायचं नाही, तू सांग. पण डॉक्टरांचं नाव घेऊ नकोस, माझं घे. मावशी चुकली, आणि हे तिनंच सांगायला पाठवलंय, असं म्हण."